साडेसातची डबल बेल

आमच्या घरात 'बाबा' म्हणजे भिंतीवरच्या फोटोतले, निळ्या कोटातले. त्यामुळं वडलांना आम्ही दादा म्हणायचो. दादा एसटीत कंडक्टर होते, एकतीस वर्षं, आणि त्यातली बरीचशी नांदेड-लातूर रस्त्यावर गेली. त्यांचा माणसांवर भरवसा कमी आणि घंटीवर जास्त. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. ड्रायव्हर कितीही जुना असू दे, कितीही घाईत असू दे, मागून डबल बेल आल्याशिवाय त्यानं गाडी जागची हलवायची नाही. "समोरचा रस्ता ड्रायव्हरला दिसतंय," दादा म्हणायचे, "पण मागं पायरीवर कोण लटकलंय ते कंडक्टरलाच दिसतंय."

माझी गोळीसुद्धा ह्याच कायद्यानं चालायची. मी नोकरीला लातूरला आलो तेव्हा दादांनी ठरवून दिलं, रोज संध्याकाळी साडेसातला गोळी घ्यायची आणि त्यांना दोन मिस्ड कॉल द्यायचे. दोन म्हणजे घेतली, ठीक हाय. एक म्हणजे काहीतरी बिघडलंय, या. बोलायचं काही नाही. आम्हा दोघांना फोनवर बोलायला जमायचंच नाही, "जेवलास का" आणि "हाव" झालं की पुढं नुसता श्वास ऐकू यायचा. आई गेल्यावर दादा नांदेडच्या घरात एकटेच होते. माझ्या दोन घंट्या वाजल्या की टीव्हीचा आवाज वाढवायचे, बातम्या बघायचे आणि निवांत झोपायचे. तेरा-चौदा वर्षं असं चाललं. आणि शेवटचे दोन महिने त्या घंट्या मी खोट्या दिल्या. ते सांगायलाच बसलोय. बाकीचं सगळं त्याच्या अलीकडचं-पलीकडचं आहे.

लहानपणापासून माझं ध्यान ठिकाणावर नसायचं. दुकानातून तीन वस्तू आणायला पाठवलं की दोन आणायचो, त्यातली एक शेजारच्यांनी सांगितलेली. शाळेत चप्पल विसरायचो, घरी दप्तर. एकदा अहमदपूरच्या स्टँडवर पाणी प्यायला म्हणून उतरलो आणि उसाच्या रसाचं चाक बघत उभा राहिलो. गाडी दादांचीच होती. त्यांनी डोकी मोजली, एक कमी भरलं, घंटी दिली नाही. सगळी गाडी माझ्या नावानं ओरडायली आणि मी आपला चाकाच्या घुंगरांत. दादांनी येऊन मानगूट धरली, पण मारलं नाही. गाडीत बसवून एवढंच म्हणाले, "लेका, तुझ्या मागं एक कंडक्टर कायमचा लागतोय." सगळे पॅसेंजर हसले. मीही हसलो.

ध्यान नसण्याचं कुणाला काही वाटलं नाही. पोरगं धांदरट आहे, झालं. वाटलं ते एमएस्सीच्या वर्षी. आठ दिवस मला झोप आली नाही आणि गरजही वाटली नाही. विहारात पौर्णिमेची वंदना चालली होती, मी उठून माईक घेतला आणि तीन तास बोललो. विज्ञान, धम्म, एसटीचं वेळापत्रक, सगळं. पहिला अर्धा तास लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. नंतर बाया उठून खीर झाकून ठेवायला लागल्या. त्यानंतरचे चार महिने मी भिंतीकडं तोंड करून पडून होतो. आंघोळ नको, उजेड नको, जगायचं नको.

दादांनी मला त्यांच्याच गाडीत, कंडक्टरच्या शेजारच्या सीटवर बसवून लातूरला आणलं. नांदेडला डॉक्टर नव्हते असं नाही. पण दादांचा एक नियम होता, जिथं राह्यचं तिथं दाखवायचं न्हाई. हा त्यांचा एकट्याचाच नियम नव्हता. "नांदेडचे लोक डोकं दाखवायला लातूरला जातेत, लातूरचे नांदेडला येतेत," ते म्हणाले. "मी रोज बघतो की. लोह्याजवळ दोन गाड्या एकमेकाला क्रॉस होतेत. कुणी कुणाला वळखत न्हाई. एसटीचं तेवढंच भलं." मग हळूच म्हणाले, "आपल्या नावापुढं लोकं आधीच काय काय लावतेत. त्यात अजून एक कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची."

लातूरच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, बायपोलर. गोळी सांगितली, लिथियम. ह्यात माझं मलाच हसू आलं. लिथियम मला पाठ होतं, पहिल्या गणातलं, हायड्रोजनच्या खालचं. आता तेच रोज पोटात जायला लागलं. गोळीनं वर उडणं थांबलं, खाली पडणंही थांबलं. हाताला थोडा कंप आला, तहान लई लागायली आणि अधूनमधून रक्त तपासायला लागायचं. एवढ्यावर भागलं म्हणायचं.

पुढं लातूरला एका क्लासमधे केमिस्ट्री शिकवायला लागलो. आता लातूर राहण्याचं गाव झालं, म्हणजे डॉक्टर राहण्याच्या गावात आले. मग मी वर्षातून दोनदा जायचो, तेही तोंडाला रुमाल बांधून, मागच्या दारानं. गोळ्या इथल्या मेडिकलवर घ्यायच्या नाहीत, कारण अर्ध्या गावाची पोरं क्लासला, मेडिकलवालेही 'सर' म्हणणारे. दादा नांदेडला गोळ्या घ्यायचे, जुन्या वहीच्या पानात गुंडाळायचे आणि ओळखीच्या कंडक्टरकडं पाकीट द्यायचे. महिन्याच्या महिन्याला मी स्टँडवर जाऊन ते घ्यायचो. कधी त्याबरोबर अर्धापूरची केळी असायची, वाटेत दबून काळी पडलेली.

लग्न झालं तेव्हा बायकोला सांगितलं की पित्ताची गोळी आहे. हेही दादांनीच ठरवलेलं. दोन वर्षांनी तिनं एक दिवस पाण्याचा तांब्या माझ्यासमोर आदळला आणि म्हणाली, "पित्ताला इतकं पाणी लागतंय व्हय?" तिला सगळं कळलं होतं, गोळ्यांच्या पट्टीवरचं नाव वाचून तिनं शोधून काढलं होतं. चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, "आजाराचं काय न्हाई. पण मला येडं बनवलं तुम्ही बापलेकांनी." आणि मग राहिली. कशी राहिली ते तिचं तिलाच ठाऊक.

तर मूड ठिकाणावर होता, पण ध्यान काही ठिकाणावर आलं नाही. तपासायचे पेपर स्कूटरच्या डिकीत महिनामहिना पडायचे. गॅसवर दूध ठेवून मी दाराबाहेर चप्पल शोधायचो. बायको बोलत असायची आणि तिच्या वाक्याच्या मधेच मी कुठंतरी निघून जायचो. ती थांबायची, माझ्याकडं बघायची, आणि पुढचं बोलायचीच नाही. असल्या किती अर्ध्या वाक्यांचा ढीग आमच्या घरात पडला असेल! मला वाटायचं, हे सगळं लिथियमचं. म्हाताऱ्या डॉक्टरांना विचारायला पाहिजे होतं. विचारलं नाही. मागच्या दारानं गेलेला माणूस लवकर बाहेर पडायच्या घाईत असतो.

एक दिवस क्लासमधल्या एका मुलीची आई डॉक्टरांचा कागद घेऊन आली. मुलीला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष एका जागी ठरत नाही, तिला पुढच्या बाकावर बसवा, सूचना लिहून द्या. कागदावर लक्षणं लिहिली होती. मी उभ्या-उभ्या शेवटपर्यंत वाचत गेलो. हे माझं होतं. अहमदपूरच्या रसवंतीपासूनचं सगळं माझं होतं. त्रेचाळीस वर्षांचा घोडा, आणि शाळकरी पोरीच्या कागदात स्वतःला बघून रडायला लागलो. बाईंना वाटलं सर फारच हळवे आहेत.

आता ह्याला डॉक्टर कुठला? लातूर राहण्याचं गाव. नियम अंगात मुरलेला. मी सरळ नांदेडला गेलो.

तिथल्या डॉक्टरीणबाई नीट होत्या, त्यांना मी आजही दोष देत नाही. त्यांनी दीड तास विचारलं, बायकोला आणा म्हणाल्या, शाळेचे जुने निकाल आणा म्हणाल्या. मी निकाल नेले, बायकोला नेलं नाही. त्यांनी विचारलं, आधी कधी मूडचा आजार झाला होता? झोप न लागता भलताच उत्साह? घरात कुणाला? मी म्हणालो, नाही. दुसरी काही गोळी चालू आहे? म्हणालो, पित्ताची. दुसऱ्या वेळी गेलो तेव्हा त्यांनी तेच परत विचारलं. मी परत तेच सांगितलं. एक आजार लातूरच्या फायलीत, दुसरा नांदेडच्या, आणि दोन्ही मुठी झाकलेल्या. त्या दोन्ही दिवशी मी दादांच्या घरी जेवून आलो. "कामानं आलतो," म्हणालो. दादांनी विचारलं नाही कसलं काम. त्यांनी शेवग्याच्या शेंगांची आमटी केली होती.

लक्षाची गोळी सुरू झाली आणि काय सांगू, डोक्यातला बाजार उठला! पहिल्याच आठवड्यात मी दोन महिन्यांचे पेपर तपासून टाकले. बायकोचं एक वाक्य शेवटपर्यंत ऐकलं. ती धसकलीच. "काय झालंय तुम्हाला?" म्हणाली. मी म्हणालो, "काही नाही, ऐकायलोय." तिच्या डोळ्यात पाणी आलं. तेवढे पंधरा-वीस दिवस आमच्या संसारातले बरे दिवस होते. त्यांची आठवण आली की आजही जीव तुटतो, कारण ते खरे होते आणि मी ते नासवले.

मला वाटलं, खरा आजार हाच होता. बाकी सगळं खोटं, उगंच वीस वर्षं थरथरता हात घेऊन बसलो. एका संध्याकाळी साडेसातला मी लिथियम हातात घेतलं, बघितलं, आणि परत पाकिटात टाकलं. मग दादांना दोन मिस्ड कॉल दिले. काही झालं नाही. आभाळ कोसळलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. गोळी नाही, पण घंट्या वेळेवर. पाकिटं नांदेडहून येत राहिली, मी ती पुस्तकांमागं सारत राहिलो.

पुढचं कुणीही सांगेल. झोप कमी झाली. आधी पाच तास, मग तीन. बायकोनं विचारलं तर खेकसायचो. मीच काय तो शहाणा, बाकी सगळे मंद. डोक्यात आलं की क्लासवाले पोरांना लुटतात, आपण सगळ्या मराठवाड्याला केमिस्ट्री फुकट शिकवायची. लग्नसराई संपली होती, एक मंगल कार्यालय मोकळं होतं, ते धरलं. हँडबिलं छापली. त्याच्यावर माझा स्वतःचा नंबर, भला मोठा. औसा रोडपासून गंजगोलाईपर्यंत खांबाखांबाला मी स्वतः खळ लावून ती चिकटवली. सकाळपासून फोन खणखणायचा. कोणी बॅचचं विचारायचं, कोणी हसायचं, कोणी नुसताच मिस्ड कॉल द्यायचं. मला वाटायचं, लोक जागे झाले.

त्या दिवशी दुपारी अडीचच्या सुमाराला मी शिडीवर होतो, बॅनर बांधत. फोनच्या गर्दीत एक मिस्ड कॉल दिसला. दादा. एकच.

मला दिसला नाही असं मी सांगू शकलो असतो. बायकोला बरेच दिवस तसंच वाटत होतं. पण दिसला. दुपारी अडीचला दादा कधीच फोन करत नाहीत, हेही डोक्यातून गेलं. एक म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं का? पण त्या दिवसांत माझ्या डोक्यात कुठलीच गोष्ट थांबायला तयार नव्हती. वाटलं, म्हातारा रिकामा बसलाय, लेकाची खुशाली पाहिजे. म्हटलं, घ्या. आणि शिडीवरूनच मी त्यांना दोन घंट्या दिल्या. वर स्वतःवरच खूश झालो, एवढ्या कामात बापाची आठवण ठेवली म्हणून.

दादा तेव्हा स्वयंपाकघरात माठाजवळ फरशीवर पडले होते. उजवं अंग गेलं होतं, जीभ गेली होती. डाव्या हातानं त्यांनी कसाबसा तो एक कॉल लावला होता. थांब, ये. आणि त्यांना उत्तर आलं होतं, चल.

साडेसातला मी सवयीनं परत दोन दिल्या. शेजारी चाची राहायच्या, शिलाईचं काम करायच्या. आमच्या मधली भिंत एक विटेची, त्यामुळं माझ्या साडेसातच्या दोन घंट्या त्यांनाही पाठ होत्या. घंट्या वाजल्या की दादांचा टीव्ही वाढायचा. त्या दिवशी घंट्या वाजल्या आणि टीव्हीचा आवाज आला नाही. चाची मशीन सोडून उठल्या, दार ढकललं. म्हणजे माझ्या खोट्या घंटीनंच शेवटी दादांना माणूस मिळालं, पण पाच तासांनी. दवाखान्यात म्हणाले, लवकर आणलं असतं तर फरक पडला असता. चाची मला पुढं कधीतरी म्हणाल्या, "फोन हात में पकडे थे भैय्या. छोडतेच नै थे."

बायको निरोप मिळताच गाडी धरून नांदेडला गेली. तिथून तिनं मला फोन केला, दादांना लकवा झालाय, लगेच या. मी काय म्हणालो ते ऐका. म्हणालो, "बरं, उद्घाटन झाल्यावर बघू." हे माझ्या तोंडचं वाक्य आहे. आजारानं बोलायला लावलं म्हणा, पण तोंड माझंच होतं. दोन दिवसांनी दादांजवळ चाचींना बसवून ती परत आली, क्लासमधल्या दोघा सरांना घेऊन मला ऑटोत कोंबलं आणि म्हाताऱ्या डॉक्टरांकडं नेलं. पुढच्या दारानं. भर दुपारी. समोरच्या रसवंतीवर माझीच पोरं उभी होती, बघत होती. झाकलेली मूठ अशी उघडली.

दवाखान्यात तीन आठवडे गेले. डोकं जसजसं खाली यायला लागलं, तसतसं काय झालंय ते कळायला लागलं. बरं होण्यातली ही वाईट गोष्ट आहे, तुम्ही शुद्धीवर येता.

नांदेडची फाईल बायकोला स्कूटरच्या डिकीत सापडली. तिनं ती आणून लातूरच्या फायलीशेजारी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी माझ्यासमोरच नांदेडच्या बाईंना फोन लावला. बाई म्हणाल्या, "मी दोनदा विचारलं होतं." डॉक्टरांनी फोन खाली ठेवला. मला वाटलं आता झापतात. ते एवढंच म्हणाले, "तुम्ही केमिस्ट्री शिकवता ना सर? प्रयोगशाळेत बाटल्यांची लेबलं काढून ठेवता का?" मी टेबलावर डोकं टेकून ढसाढसा रडलो. बायकोनं पाठीवर हात ठेवला नाही. ठेवायला नकोच होता.

दोघा डॉक्टरांनी मिळून ठरवलं. एकाला दोन्ही आजार असणं नवलाचं नाही म्हणाले, पण आधी पाया, मग भिंत. आधी लिथियम परत, रक्ताच्या तपासण्या परत, झोप ठरलेल्या वेळी. मूड सात महिने एका पातळीवर राहिला तेव्हा कुठं लक्षाची गोळी परत दिली, अगदी थोडी, सकाळी एकच. बायको रोज कागदावर माझी झोप आणि बडबड लिहायची. बडबड वाढली की डॉक्टरांना फोन. आणि ह्या वेळी औषध लागू पडलं. चमत्कार नाही, पण लागू पडलं. किल्ली खुंटीला सापडायला लागली. दूध उतू जाईना. क्लासनं मला शिकवायला परत घेतलं नाही, पण पोरांच्या शंका सोडवायच्या टेबलावर बसवलं. तिथं मी तासतासभर एका जागी बसतो. माझं मलाच खरं वाटत नाही.

वीस वर्षांत पहिल्यांदा मी असा झालो होतो, जसा मी दादांना हवा होतो. आणि दादांना "बरं झालं" एवढंसुद्धा म्हणता येत नव्हतं.

मी दवाखान्यातून सुटल्यावर लगेच त्यांना आम्ही लातूरला आणलं होतं. खिडकीजवळ लोखंडी खाट टाकली. सगळं समजायचं, पण बोलायला गेलं की नुसता आवाज निघायचा, आणि मग डोळे भरायचे. डावा हात तेवढा चालायचा. त्यांच्या सामानात तिकिटाला भोक पाडायचा जुना पंच होता. पूर्वी कंडक्टर तो दांड्यावर वाजवत "तिकीट, तिकीट" करत गाडीभर फिरायचे. मशीन आल्यावर पंच गेले, दादांनी आपला जपून ठेवलेला. तो डाव्या हातात धरून ते खाटेच्या दांड्यावर वाजवायचे. पाणी पाहिजे, टक. कूस बदलायची, टक.

पहिल्या संध्याकाळी साडेसातला मी त्यांच्यासमोर गोळी घेतली. त्यांनी माझ्या घशाकडं बघितलं, गोळी खाली उतरेपर्यंत बघितलं. मग वाजवलं. टक टक. डबल बेल. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि तोंडात टॉवेल कोंबून रडलो.

रोज असंच व्हायला लागलं. मी गोळी घ्यायचो, ते दोनदा वाजवायचे, आणि माझ्या काळजात दोनदा खुपायचं. त्यांना माहीत नव्हतं. त्यांना वाटत असणार, गोळी घेऊनही पोराचं डोकं फिरलं, आजारच वंगाळ. बायको म्हणाली, "आता सांगून काय मिळणार? म्हाताऱ्या जीवाला कशाला त्रास?" तिचं खोटं नव्हतं. पण झाकून झाकूनच आमचं हे झालं होतं. अजून एक गोष्ट झाकून त्यांच्या घंट्या घेत राहायचं मला जमेना.

असं वर्ष काढल्यावर एका रविवारी दुपारी त्यांना मऊ भात भरवून झाल्यावर मी खाटेजवळ खाली बसलो आणि सांगितलं. नांदेडच्या बाईंचं सांगितलं. पुस्तकांमागची पाकिटं सांगितली. म्हणालो, "दादा, दोन महिने घंट्या खोट्या होत्या." त्यांनी एकदा वाजवलं. टक. थांब. मी थांबलो नाही. मला अर्ध्यावर थांबता येतच नाही, कधीच आलं नाही. म्हणालो, "त्या दुपारी तुमची एक घंटी मी बघितली होती. मला दिसली होती, दादा." त्यांनी परत वाजवलं, जोरात, एकच. दांडा झणझणला. मग त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

संध्याकाळी साडेसातला मी गोळी घेतली. दादा भिंतीकडंच बघत होते. पंच उशाशी पडलेला. त्यांनी वाजवलं नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. माझ्या हातचा भात खायचे, अंग पुसू द्यायचे, पण साडेसातला मान फिरवायचे. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्या माणसाकडं शिव्याही उरल्या नव्हत्या. चौथ्या दिवशी मी बायकोला म्हणालो, "संपलं. आता ते कधीच देणार न्हाईत." ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "पायरीवर कोण लटकलंय ते बघायलेत. बघू द्या की. तुम्ही आपली गोळी घ्या."

घेत राहिलो. घंटी नाही, शाबासकी नाही, कुणी बघत नाही, तरी साडेसातला गोळी. नऊ दिवस. बहुतेक जन्मात पहिल्यांदा मी कुठली गोष्ट नऊ दिवस कुणाच्या भीतीशिवाय केली असेल.

दहाव्या दिवशी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि मागून आवाज आला. टक. मी तसाच उभा राहिलो. वाटलं, पाणी पाहिजे असेल. बराच वेळ गेला. मग, टक. एवढं लांबवून दिलेली डबल बेल एसटीत कुणी दिली नसेल. मी वळून बघितलं तर ते माझ्याकडंच बघत होते, तोंड वाकडं झालेलं, गाल ओले. मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. त्यांनी डाव्या हातानं माझी मानगूट धरली, अहमदपूरला धरली होती तशीच, आणि कितीतरी वेळ सोडली नाही.

त्यानंतर पाच महिने त्यांनी एकही साडेसातची बेल चुकवली नाही. थंडी वाढली तसा हात जड झाला, पंच धरवेना, तेव्हा बोटानं वाजवायचे. शेवटी शेवटी नुसती पापणी, दोनदा. माघात एका सकाळी गेले.

त्यांना पोचवून आलो त्या संध्याकाळी घरात माणसं भरली होती. चाचीही नांदेडहून आल्या होत्या. बायकोनं गर्दीतून वाट काढत माझ्या हातात पेला आणि गोळी दिली. साडेसात झाले होते. मी गोळी घेतली आणि पेला हातात धरून तिथंच उभा राहिलो, खाटेकडं कान लावून. खाटेवर गादी गुंडाळून ठेवली होती. बायको म्हणाली, "चला आता, लोकं बसलेत." बेल मिळाल्याशिवाय गाडी हलवायची नसते, हे दादांनीच शिकवलेलं. मी अजून थोडं थांबलो, आणि मग हलवली.